दर वळिवात व्हीसॅटचा एलएनबी किंवा बक जातोय? आधी अर्थिंगचे खड्डे एकमेकांना जोडलेत का ते बघा

व्हीसॅट म्हणजे गच्चीवरच्या डिशमधून उपग्रहामार्फत चालणारी लिंक. एलएनबी हा डिशवरचा सिग्नल घेणारा भाग, बक हा सिग्नल पाठवणारा, आणि दोन्ही कोअॅक्स केबलने खालच्या मॉडेमला जोडलेले. बिघाडाची लक्षणं साधारण अशी असतात. एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरून येतं, गडगडाट होतो, लाइट जाते, परत येते आणि शाखेची लिंक डाउन झालेली असते. इंजिनिअर येऊन एलएनबी बदलतो, लिंक चालू होते. जूनच्या पहिल्या पावसात बक जातो. पुढे पाऊस लागून राहिला की काही त्रास नाही. मग परतीचा पाऊस विजा घेऊन येतो आणि मॉडेमचा आरएक्स (सिग्नल घेणारा) पोर्ट बसतो. कॉल बंद करताना शेरा दर वेळी तोच: अर्थिंग तपासलं, ठीक आहे.

बीड, लातूर, सोलापूरकडच्या बँकांच्या शाखांत, एटीएमवर, पेट्रोल पंपांवर हे इतक्या नेमाने होतं की लोकांनी ते धरूनच ठेवलंय. वीज पडली, आता काय करणार, असं म्हणून नवा एलएनबी मागवला जातो. मला हे पटत नाही. बहुतेक साइटवर उपकरणं चांगली असतात, खड्डेही वाईट नसतात. एक खड्डा दुसऱ्याशी जोडलेला नसतो, आणि नुकसान होतं ते तिथे.

वीजच आहे का, हे आधी ठरवा

पावसाळ्यात बंद पडलेलं प्रत्येक व्हीसॅट विजेने गेलेलं नसतं. जोरदार सरीत केयू बँडचा (उपग्रहाच्या एका फ्रिक्वेन्सी-पट्ट्याचा) सिग्नल पडतो आणि सर थांबली की आपोआप परत येतो. त्यात काही बिघडलेलं नसतं. एफ कनेक्टरमध्ये (कोअॅक्सच्या टोकाच्या जोडात) पाणी शिरलं असेल तर सिग्नल हळूहळू, आठवडाभर उतरत जातो. कनेक्टर उघडला की आतली जाळी (मधल्या तारेभोवतीचं धातूचं विणकाम) हिरवी-काळी झालेली दिसते. विजेचं तसं नसतं. एका क्षणाला सगळं चालू, पुढच्या क्षणाला बंद.

तपासताना आधी मॉडेमची पॉवर बंद करा, मगच केबल काढा. चालू मॉडेमचा एफ कनेक्टर काढताना मधली तार जाळीला लागली तर वाचलेला मॉडेमही तुमच्या हाताने जाईल. केबल दोन्ही टोकांनी मोकळी करून मल्टीमीटरने मधली तार आणि जाळी यांच्यात शॉर्ट आहे का बघा. काही दाखवायला नको. मग मॉडेमकडचं टोक परत जोडून मॉडेम चालू करा आणि गच्चीवरच्या टोकाला व्होल्टेज घ्या. एलएनबीच्या केबलवर १३ किंवा १८ च्या आसपास, बकच्या केबलवर बहुतेक मॉडेलना २४, काहींना ४८ व्होल्ट डीसी. मॉडेमच्या पोर्टलाच व्होल्टेज नसेल तर मॉडेमची फीड गेली आहे. पोर्टला आहे, वर नाही, तर केबल किंवा कनेक्टर. वर व्होल्टेज येतंय पण मॉडेमच्या पानावर एलएनबीचा करंट शून्य दिसतोय, तर एलएनबी आतून उघडा पडलाय.

आता महत्त्वाचं. नेमकं काय मेलं यावरून सर्ज, म्हणजे विजेचा क्षणिक झटका, कुठल्या वाटेने आला ते कळतं, आणि ही नोंद कुणी ठेवत नाही. मॉडेमचा अडॅप्टर आणि यूपीएस गेला पण वरचा माल शाबूत, तर सर्ज महावितरणच्या लाइनवरून आला. मॉडेमचा इथरनेट पोर्ट आणि समोरच्या राउटरचा पोर्ट दोन्ही गेले, बाकी ठीक, तर लॅन केबल बघा. ती बहुतेक शेजारच्या एटीएमच्या खोलीत किंवा दुसऱ्या इमारतीत गेलेली असते. आणि एलएनबी किंवा बक एका टोकाला, मॉडेमचा आरएफ पोर्ट (कोअॅक्स लागतो तो) दुसऱ्या टोकाला, असे जोडीने जात असतील, तर करंट कोअॅक्स केबलमधून वाहिला. दरवर्षी परत येणारी तक्रार बहुतेक ह्या तिसऱ्या जातीची असते.

डिशवर थेट वीज पडणं फार कमी वेळा होतं. तसं झालं तर सांगावं लागत नाही. फीडहॉर्नचं झाकण तडकलेलं, केबलचं आवरण फाटलेलं, सिमेंटच्या ठोकळ्याचा टवका उडालेला दिसतो. नेहमीचा प्रकार म्हणजे शंभर-दोनशे मीटरवरच्या झाडावर किंवा विजेच्या खांबावर वीज कोसळते आणि आपल्याकडे नुसता धक्का पोचतो. आपलं उपकरण तेवढ्यानेही जातं.

न्यूट्रल-अर्थ दोन व्होल्टच्या आत आहे, मग अडचण काय?

इन्स्टॉलेशनच्या वेळी सॉकेटवर तीन मापं घेतात: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. शेवटचं २ व्होल्टच्या आत आलं की अर्थिंग पास. हे माप ५० हर्ट्झच्या रोजच्या वीजपुरवठ्याचं आहे. विजेच्या धक्क्याबद्दल ते काहीच सांगत नाही. (हे माप खाली आणण्यासाठी सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधून टाकतात, तेही मी बघत आलोय. तसं दिसलं तर आधी ते काढा. तिथे न्यूट्रल तुटला तर मॉडेमची बॉडी जिवंत होते आणि हात माणसाचा असतो.)

खड्ड्याचा रेझिस्टन्स २ ओहम आला म्हणजे निर्धास्त, हाही गैरसमज. हिशोब करून बघा. साधारण विजेच्या पहिल्या झटक्यात ३०,००० अँपिअरच्या आसपास करंट असतो. तो ५ ओहमच्या खड्ड्यात गेला तर त्या खड्ड्याचं व्होल्टेज दूरच्या जमिनीच्या मानाने दीड लाखावर जातं. २ ओहमचा खड्डा असेल तर ६०,०००. म्हणजे खड्डा उत्तम असूनही उपकरणाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच जीवघेणे. २३० व्होल्टवर चालणारी साधी उपकरणं दीड ते अडीच हजार व्होल्टचा क्षणिक झटका सोसतील अशी बनवलेली असतात. आरएफ पोर्टची ताकद त्याहून खूपच कमी.

मग वाचवतं काय? उपकरणाला जोडलेल्या सगळ्या तारा एकदम, सारख्याच वर गेल्या पाहिजेत. एकाच भरतीवर उचलल्या जाणाऱ्या दोन होड्यांमधला दोर ताणला जात नाही, तसं. मॉडेमची बॉडी ६०,००० व्होल्टवर गेली आणि त्याला लागलेली कोअॅक्स, पॉवर, लॅन ही सगळी त्याच क्षणी त्याच व्होल्टेजवर असली, तर मॉडेमच्या आत फरक काहीच नाही आणि मॉडेमला काही होत नाही.

आपल्याकडे नेमकं उलटं करतात. यूपीएसचं अर्थिंग वेगळं, इलेक्ट्रिकलचं वेगळं, व्हीसॅटचं वेगळं, आणि ते एकमेकांना लागू द्यायचे नाहीत, नाहीतर नॉइज येतो, अशी समजूत आहे. कंत्राटदार ते अभिमानाने दाखवतात: साहेब, तीन स्वतंत्र पिट. अर्थिंगचं मानक आयएस ३०४३ किंवा विजेपासून संरक्षणाचं आयएस/आयईसी ६२३०५ वाचलं तर अशा सुट्या खड्ड्यांना आधार मिळत नाही. इमारतीतली सगळी अर्थिंगं एका ठिकाणी बाँड करायची (धातूने जोडायची), असंच तिथे आहे. खड्डे हवे तितके करा, पण जमिनीखालून एक करा.

एका शाखेचं उदाहरण

काळ्या जमिनीतलं गाव, तळमजला अधिक एक मजल्याची इमारत, १.२ मीटरची डिश गच्चीवर नॉन-पेनिट्रेटिंग (गच्चीला भोक न पाडता ठेवलेल्या) फ्रेमवर, सिमेंटच्या ठोकळ्यांनी दाबलेली. व्हीसॅटचा खड्डा इमारतीच्या मागे, इलेक्ट्रिकलचा पुढे मीटरबोर्डजवळ, यूपीएसचा बाजूच्या बोळात. तिन्ही मीटरवर उत्तम. डिशची फ्रेम मागच्या खड्ड्याला. मॉडेम तीन पिनच्या प्लगमधून यूपीएसच्या खड्ड्याला. आता प्रश्न विचारा की मागचा खड्डा आणि बोळातला खड्डा एकमेकांना कुठे जोडलेत? उत्तर: कोअॅक्सच्या जाळीतून, मॉडेमच्या पीसीबीमधून. दोन खड्ड्यांमधला एकमेव धातूचा दुवा म्हणजे तो मॉडेम. मागच्या शेतात वीज पडली की मागचा खड्डा वर जातो, बोळातला तितका जात नाही, आणि फरकाचा करंट जायला एवढी एकच वाट उरते.

गच्चीवर दुसरी गोष्ट. फ्रेमपासून निघालेली २.५ स्क्वेअर एमएमची हिरवी वायर कठड्यावरून फिरून, पन्हळीच्या पाइपाला बांधत खाली आणलेली, आणि उरलेली वायर कापायची नाही म्हणून तिचं सात-आठ वेढ्यांचं भेंडोळं करून केबल टायने फ्रेमच्या पायाला आवळलेलं. दिसायला नीटनेटकं. पण विजेच्या करंटला वायरच्या जाडीपेक्षा तिची लांबी आणि वळणं जास्त नडतात. सरळ वायरचं इंडक्टन्स मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री धरतात. मायक्रोसेकंदाला १,००० अँपिअरने वाढणारा करंट, म्हणजे मोठ्या विजेचा लहानसा वाटा, त्यात शिरला तर दर मीटरला १,००० व्होल्ट पडतात. १२ मीटर वायरवर १२,०००. भेंडोळ्याने त्यात आणखी भर पडते. मग करंट त्या वायरला टाळून कोअॅक्सने खाली उतरतो.

तिथे केलेलं काम असं. इमारतीच्या कडेने अर्धा मीटर खोल चर खणून २५ × ६ मिमीची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी टाकली आणि तिन्ही खड्डे तिला वेल्ड करून जोडले, वेल्डवर बिट्युमेन लावलं. केबल जिथून आत शिरते तिथे भिंतीवर तांब्याची एक बसबार (सगळी अर्थिंगं जोडायची पट्टी) लावली आणि ती १६ स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरने सरळ खाली पट्टीला उतरवली. कोअॅक्सच्या दोन्ही केबल, पॉवर आणि लॅन, तिन्ही आत यायची जागा त्या एकाच बारजवळ आणली. कोअॅक्सचे ग्राउंडिंग ब्लॉक थेट बारवर. मॉडेमच्या रॅकची बॉडी आखूड वायरने त्याच बारला. फ्रेमपासून खाली येणारी हिरवी वायर काढून १६ स्क्वेअर एमएमची, कमीत कमी वळणांची, वळणं असतील तिथे मोठ्या गोलाईची. वरच्या टोकालाही कोअॅक्सची जाळी फ्रेमला बाँड केली.

खर्चाचा मोठा वाटा चर खणण्यात गेला. माल म्हणाल तर एका बकच्या किमतीपुढे काहीच नाही. त्यानंतरच्या परतीच्या पावसात तिथे पॉवरच्या एसपीडीचं (सर्ज अडवणाऱ्या उपकरणाचं) एक मोड्यूल लाल झालं, म्हणजे बदलायला आलं. मॉडेम आणि वरचा माल चालू राहिला.

केबलची एंट्री हलवताच येत नसेल, भाड्याच्या जागेत हे नेहमीच होतं, तर बार रॅकच्या मागे लावा आणि मॉडेमला लागणारी प्रत्येक तार त्या बारवरून फिरवून मगच मॉडेमकडे न्या. चरासाठी घरमालक तयार नसेल तर भिंतीच्या बाहेरून जमिनीलगत पट्टी फिरवा. पुरलेल्या पट्टीइतकं चांगलं नाही, पण सुट्या खड्ड्यांपेक्षा कितीतरी बरं.

कोअॅक्सचा अरेस्टर घेताना

अरेस्टर म्हणजे केबलवरचा सर्ज जमिनीकडे वळवणारा तुकडा. इथे चुकीचा माल फार येतो. बक आणि एलएनबी दोघांनाही पॉवर कोअॅक्सवरूनच जाते, बकच्या केबलवर बहुधा १० मेगाहर्ट्झचा रेफरन्सही असतो. म्हणून डीसी पास करणारा गॅस ट्यूबचा अरेस्टर लागतो; ९० व्होल्टची ट्यूब २४ आणि ४८ दोन्ही फीडना चालते. क्वार्टर-वेव्ह स्टब जातीचा अरेस्टर मोबाइल टॉवरवर उत्तम असला तरी इथे डीसी सरळ जमिनीला घालतो. तो लावून मॉडेमची फीड उडवू नका. फ्रिक्वेन्सी २,१५० मेगाहर्ट्झपर्यंत लिहिलेली हवी. केबल टीव्हीच्या दुकानातला १,००० मेगाहर्ट्झचा तुकडा लावला की लिंक चालते, पण सिग्नल उतरतो, आणि दोष डिशच्या अलाइनमेंटला लागतो.

अरेस्टर लोंबकळत ठेवायचा नाही. त्याची बॉडी बारवर स्क्रूने घट्ट बसली पाहिजे. लांब वायरने अर्थ केलेला अरेस्टर असून नसल्यासारखा, वरचा मीटरला हजार व्होल्टचा हिशोब त्यालाही लागू आहे. दोन्ही केबलना लावा. नुसता आरएक्सला लावून टीएक्स (पाठवणारी) मोकळी ठेवलेली साइट अर्धीच झाली.

पॉवरसाठी मेन बोर्डवर टाइप १ अधिक २ चा (विजेचा थेट करंट आणि सर्ज दोन्ही सोसणारा) एसपीडी, यूपीएसच्या आधी. जोडणीच्या वायरा दोन्ही बाजू मिळून अर्ध्या मीटरच्या आत. हिरवी खिडकी लाल झाली की मोड्यूल बदलायचं, हे शाखेतल्या शिपाईकाकांना दाखवून ठेवा. बोर्डाजवळून रोज तेच जातात.

डिशजवळ दांडा उभा करावा का?

डिश इमारतीवरची सगळ्यात उंच वस्तू असेल, आजूबाजूला मोकळं रान असेल, तर हो. आपल्याकडून उपग्रह दक्षिणेच्या आकाशात असतात, तेव्हा दांडा डिशच्या उत्तरेला. उंचीचा सोपा अंदाज: दांड्याच्या टोकापासून ४५ अंशांचा तंबू धरा आणि डिश पूर्ण आत बसते का बघा. डिशचा वरचा काठ गच्चीपासून १.८ मीटर आणि लांबचा काठ दांड्यापासून २ मीटर असेल तर दांडा ३.८ म्हणजे ४ मीटरचा हवा.

दांडा आणि त्याची उतरती पट्टी डिशपासून, केबलपासून सुटी ठेवायची. अंतर किती? एकच उतरती पट्टी आणि आयईसी ६२३०५ मधला संरक्षणाचा तिसरा वर्ग धरला तर पट्टीच्या लांबीच्या ०.०४ पट. १० मीटरच्या पट्टीला हवेत ४० सेंटिमीटर, मध्ये वीट-काँक्रीट असेल तर दुप्पट. एवढी जागा नसेल तर अर्धवट अंतर ठेवू नका. दांडा आणि फ्रेम सरळ बाँड करा आणि कोअॅक्सवर टाइप १ दर्जाचा अरेस्टर घ्या, कारण आता विजेचा काही भाग त्या केबलने येणारच. खाली मात्र दांड्याचा खड्डाही त्याच पट्टीला.

शंभर मीटर परिघाचं संरक्षण देणारे महागडे ईएसई अरेस्टर (आधीच ठिणगी सोडून वीज ओढतो असा दावा असलेले दांडे) विकायला बरेच जण येतात. आयईसी ६२३०५ त्या वाढीव परिघाला मान्यता देत नाही. त्या मानकानुसार साध्या दांड्याइतकंच संरक्षण धरायचं. ते पैसे पट्टी आणि बारवर घाला.

जमीन आणि मीटर

तीन खड्डे ऑगस्टमध्ये मोजून २ ओहम लिहिले आणि मे महिन्यात तेच कित्येक पट चढले, हे काळ्या जमिनीत नेहमीचं. उन्हाने जमीन आकसते, भेगा पडतात आणि पाइपाभोवतीची माती त्याच्यापासून सुटते. मे महिन्यातला पहिला गडगडाट नेमका तेव्हाच येतो. म्हणून माप एप्रिल-मेमध्ये घ्या. पाइपाभोवती बेंटोनाइट भरा, आणि वळिवाच्या आधी खड्ड्यात पाणी घालायची जुनी पद्धत चालू ठेवा. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात मीठ पाइपालाच खातं. जमिनीलगतच्या वीतभर भागात तो आधी पातळ होतो, तिथली माती सारून बघा.

कोकणात जांभा, देशावर मुरमाखाली काळा पाषाण. तिथे तीन मीटर खोल जायचा हट्ट सोडा आणि पट्टी आडवी, दोन-तीन दिशांना लांब पसरवा. किनाऱ्यालगत तांब्याची लग (वायरच्या टोकाचा जोड) थेट जीआयवर आवळली तर खाऱ्या हवेत सांधा दोन-तीन पावसाळ्यांत पांढरा भुगा होतो. कलई केलेली लग घ्या, वर ग्रीस आणि टेप.

क्लॅम्प मीटरबद्दल (तारेभोवती चिमटा लावून अर्थिंग मोजणाऱ्या) सावध. तो फास पूर्ण होत असेल तरच खरं सांगतो. सुटा एकटा खड्डा असेल तर आकडा अवाच्या सवा येतो, आणि क्लॅम्प चुकून पट्टीच्या बंद रिंगवर लावला तर ०.२ ओहम येतो, जो जमिनीचा नसून पट्टीचा असतो. शंका आली की खड्डा तात्पुरता सोडवून तीन खुंट्यांच्या पद्धतीने मोजा, व्होल्टेजची खुंटी करंटच्या खुंटीच्या ६२ टक्के अंतरावर. आभाळात गडगडाट असताना मात्र सोडवलेल्या अर्थिंगला हात लावायचा नाही आणि गच्चीवर जायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप फोनवर ठेवा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. शाखेतून कितीही फोन आले तरी.

पुढच्या वेळी कॉल नोंदवताना एवढं लिहा: वीज पडल्याची तारीख आणि वेळ, नेमकं कोणतं उपकरण आणि त्याचा कोणता पोर्ट गेला, त्याच वेळी शाखेत आणखी काय जळलं, एसपीडीची खिडकी हिरवी की लाल, आणि खड्डे एकमेकांना जोडलेले आहेत का. सोबत डिशच्या पायाचा आणि केबल आत शिरते त्या जागेचा फोटो. एवढं हातात असलं तर येणाऱ्या इंजिनिअरला नव्या एलएनबीसोबत जीआय पट्टी आणि बसबारही घेऊन निघता येईल.